मुंबईच्या गिरणगावातील स्थलांतर

मुंबईच्या गिरणगावातील स्थलांतर म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोकण, पश्चिम महाराष्ट्राचा घाटमाथ्यावरील प्रदेश आणि भारताच्या इतर भागांतून मुंबई बेटावरील कापडगिरण्यांच्या परिसरात झालेले श्रमिकांचे स्थलांतर होय. लालबाग, परळ, लोअर परळ, भायखळा, ताडदेव, नायगाव, शिवडी, वरळी व प्रभादेवी या भागांना मिळून गिरणगाव म्हटले जाते. या स्थलांतराने मुंबईच्या औद्योगिक वाढीला मनुष्यबळ पुरवले, शहराची मराठी कामगार संस्कृती घडवली आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा अशा जिल्ह्यांच्या लोकसंख्येची रचना कायमची बदलली.

या स्थलांतराचे प्रमुख वैशिष्ट्य म्हणजे ते बहुधा एकट्या पुरुषाचे होते आणि गावाशी असलेला संबंध त्याने तुटला नाही. कामगार शहरात राबत असे; त्याची पत्नी, मुले व आईवडील गावी राहत. बालपण, आजारपण, बेकारी आणि म्हातारपण या आयुष्याच्या टप्प्यांचा भार मोठ्या प्रमाणात गावाने उचलला. त्यामुळे गिरणी उद्योगाच्या भरभराटीचा खर्च केवळ शहरात मोजता येत नाही, असे या विषयाच्या अभ्यासातून दिसून येते.

व्याप्ती

हे स्थलांतर आज देशांतर्गत मानले जात असले, तरी तत्कालीन राजकीय नकाशावर ते सर्वस्वी तसे नव्हते. रत्नागिरी, कुलाबा, सातारा, पुणे व अहमदनगर हे जिल्हे मुंबई इलाख्यात होते. सावंतवाडी व कोल्हापूर ही संस्थाने होती, तर गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. म्हणजे मुंबईत येणाऱ्यांपैकी काहींना राज्याची, तर काहींना परकीय सत्तेची हद्द ओलांडावी लागत असे. याखेरीज संयुक्त प्रांतातून (आजचा उत्तर प्रदेश) विणकर, गवळी व मजूर, तेलंगणातून कामाठी व पद्मशाली, तर गुजरात व काठियावाडातून व्यापारी आणि कारागीर आले.

पार्श्वभूमी

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावू लागली होती आणि १८६३ मध्ये बोरघाटातील मार्ग खुला झाल्यावर मुंबई व पुणे रेल्वेने जोडली गेली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) इंग्लंडला होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा खंडित झाल्याने मुंबईतील कापूस व्यापाऱ्यांकडे मोठे भांडवल जमा झाले. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला. १८७० नंतर गिरण्यांची संख्या वेगाने वाढली आणि शतकाच्या अखेरीस ती ऐंशीच्या घरात गेली.

जनगणनेतील आकडे या वाढीची व तिच्यातील खंडांची कल्पना देतात. मुंबईची लोकसंख्या १८७२ मध्ये ६,४४,४०५, १८९१ मध्ये ८,२१,७६४, १९०१ मध्ये ७,७६,००६, १९११ मध्ये ९,७९,४४५ आणि १९२१ मध्ये ११,७५,९१४ होती. १९०१ मधील घट प्लेगमुळे झाली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग आढळल्यानंतर काही महिन्यांतच शहरातील सुमारे निम्मे लोक बाहेर पडले. गिरण्यांत माणसे मिळेनाशी झाली व काही मालकांना रोजच्या रोज मजुरी देऊन कामगार टिकवावे लागले. शहर संकटात सापडताच कामगार गावाकडे परततो, हे या घटनेने प्रथमच मोठ्या प्रमाणावर दिसले.

१९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईच्या लोकसंख्येपैकी सुमारे ८४ टक्के लोकांचा जन्म शहराबाहेर झालेला होता. बाहेरून आलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा (त्या काळी आजचा सिंधुदुर्गचा बराच भाग त्यात मोडत असे) वाटा सर्वांत मोठा होता. त्याच वर्षी शहरात दर हजार पुरुषांमागे केवळ ५२५ स्त्रिया होत्या.

स्थलांतराची कारणे

कोकण : कोकणात लागवडीयोग्य जमीन मर्यादित होती आणि ती पिढ्यान्‌पिढ्या वाटली जाऊन तिचे तुकडे झाले होते. भात व नाचणीचे एक पीक घेतल्यानंतर वर्षातील बराच काळ काम नसे. दक्षिण व मध्य कोकणातील अनेक गावांत खोती पद्धत होती. खोत सरकारला सारा भरत असे व कुळांकडून पिकाचा मोठा हिस्सा वसूल करत असे. त्याखेरीज वेठही घेतली जाई. खोताचे देणे व सावकाराचे व्याज रोख पैशात भागवायचे तर घरातील एका तरी पुरुषाला मुंबई गाठणे भाग पडे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले होते. प्रत्यक्षात खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला. रेल्वे नसलेल्या या किनाऱ्यावरून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशा बंदरांतून सुटणाऱ्या आगबोटी हेच प्रवासाचे मुख्य साधन होते. पावसाळ्यात हा मार्ग बंद पडे.

देश : घाटमाथ्यावर १८७६–७८, १८९६–९७ व १८९९–१९०० या दुष्काळांनी शेतकरी व शेतमजूर उघड्यावर आणले. सातारा, पुणे, अहमदनगर, सोलापूर येथील लोक रेल्वेने व पायी मुंबईत आले. गिरण्यांबरोबरच गोदी, बाजारपेठा व ओझी वाहण्याच्या कामांत त्यांची संख्या मोठी होती. मुंबईचे डबेवाले मुख्यतः मावळ, खेड, जुन्नर या भागांतील असून त्यांच्या व्यवसायाचा आरंभ १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी केला, असे मानले जाते.

दलित समाज : कोकण व देशावरील महार समाजाला इंग्रजांच्या सैन्यात नोकरी मिळत असे. १८९० च्या दशकाच्या आरंभी ही भरती थांबवण्यात आली. गावकीची अप्रतिष्ठित कामे सोडून रोख वेतन मिळवण्याचा मार्ग म्हणून गिरण्या, गोदी, रेल्वे व नगरपालिका यांतील नोकऱ्यांकडे या समाजाने पाहिले. लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार रामजी आंबेडकर यांचे कुटुंबही मुंबईत येऊन परळ भागातील चाळीत राहिले. डॉ. आंबेडकर १९३४ पर्यंत परळच्या सुधार न्यासाच्या चाळीत राहत होते; त्यानंतर ते दादरच्या हिंदू कॉलनीतील 'राजगृह' या निवासस्थानी गेले.

भरती आणि कामाची विभागणी

गिरणीमालक कामगार थेट नेमत नसत. प्रत्येक खात्यातील जॉबर किंवा मुकादम माणसे आणत असे. तो बहुधा आपल्या गावचा, तालुक्याचा किंवा जातीचा माणूस निवडे. नव्या कामगाराकडून तो दस्तुरी घेई, त्याला खोली मिळवून देई, प्रसंगी कर्जही देई. या साखळीमुळे एकाच गावची माणसे एकाच गिरणीत, एकाच खात्यात आणि एकाच चाळीत एकत्र येत. ही साखळी नवख्याचा आधार होती, तशीच ती त्याला जॉबरच्या मर्जीत बांधून ठेवणारीही होती.

कायम कामगार गैरहजर असताना त्याच्या जागी काम करणाऱ्याला बदली कामगार म्हणत. गिरणीच्या दाराशी पहाटे उभे राहून काम मिळते का, याची वाट पाहणाऱ्या बदलीवाल्यांची मोठी फौज मालकांना नेहमी उपलब्ध असे. कामगार शेतीच्या हंगामात किंवा सणाला गावी गेला, तर त्याची जागा हे लोक भरून काढत. जॉबरच्या मनमानीला आळा घालण्यासाठी गिरणीमालक संघाने १९३५ मध्ये बदली नियंत्रण योजना आणली.

गावातील जातिभेद गिरणीच्या आवारातही कायम राहिला. साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, मजुरी जास्त होती. परंतु तेथे दलित कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातील कांडी बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे व त्यामुळे विटाळ होतो, असे कारण त्यासाठी सांगितले जाई. दलित कामगार कमी मजुरीच्या रिंग खात्यात अडकून पडले. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संघटनेच्या नेत्यांपुढे ठामपणे मांडला.

आरंभीच्या काळात गिरणी कामगारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय होते. सूत गुंडाळण्याच्या खात्यात त्या प्रामुख्याने काम करत. त्यांत विधवा व परित्यक्ता स्त्रियांची संख्या बरीच होती. रात्रपाळीवरील बंदी, १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा आणि यंत्रांची फेररचना यांनंतर मालकांनी स्त्रियांची भरती कमी केली व पुढील काळात त्यांची संख्या अत्यल्प झाली.

निवास आणि भोजन

बहुसंख्य कामगार गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत. खासगी मालकांच्या चाळींत एका खोलीत अनेक पुरुष पाळीपाळीने झोपत. दिवसपाळीचे लोक कामावर गेले की रात्रपाळीचे लोक त्याच जागी अंथरूण टाकत. प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. १९२० मध्ये स्थापन झालेल्या विकास विभागाने वरळी, नायगाव, डिलाइल रोड (आजचा ना. म. जोशी मार्ग) व शिवडी येथे एकूण २०७ चाळी बांधल्या. बीडीडी चाळी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तीनमजली इमारतींतील प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती आणि शौचालये सामाईक होती.

कोकणातील अनेक गावांनी वर्गणी काढून मुंबईत स्वतःची खोली घेतली होती. तिला गावचा गाळा किंवा गावकीची खोली म्हणत. गावातून नव्याने आलेला मुलगा ट्रंक व वळकटी घेऊन थेट तेथे उतरे. महिन्याची वर्गणी, झोपण्याची जागा, स्वच्छता व वर्तन यांचे नियम ग्रामस्थ मंडळ ठरवी. गोव्यातून आलेल्या ख्रिस्ती खलाशी व स्वयंपाक्यांच्या 'कूड' नावाच्या वसतिगृहांचे स्वरूपही असेच होते; धोबीतलाव व माझगाव परिसरात प्रत्येक गावाचे स्वतंत्र कूड असे. कोकणी भाषेतील तियात्र या नाट्यप्रकाराचा पहिला प्रयोगही गोव्यात नव्हे, तर १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला.

एकट्या राहणाऱ्या कामगारांच्या जेवणाची सोय खानावळींत होई. कामगारांच्या पत्नी, विधवा आणि गिरणीतून कमी केलेल्या स्त्रिया आपल्या एका खोलीत दहा-वीस जणांचा स्वयंपाक करत. पैसे महिनाअखेरीस मिळत, पण किराणा रोज लागे. त्यामुळे खानावळवाली वाण्याच्या व सावकाराच्या कर्जात राही. कामगार संपावर गेला की तिची उधारी थकत असे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने या स्त्रियांना संघटित करून बँकांकडून कर्ज मिळवून दिले.

दाटीच्या वस्तीचा आरोग्यावर गंभीर परिणाम झाला. १९२१ मध्ये मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भकमृत्यू नोंदले गेले आणि एका खोलीच्या घरांत हे प्रमाण त्याहूनही जास्त होते. हा आकडा वाचताना स्थलांतराचाच एक परिणाम लक्षात घ्यावा लागतो. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात व मूल घेऊन परत येत. अशा मुलांचा जन्म शहराच्या नोंदीत नसे, मृत्यू मात्र तेथे नोंदला जाई. तरीही क्षय, देवी, पटकी यांनी घेतलेले बळी आणि खोल्यांतील कोंदट हवा यांविषयी समकालीन अहवालांत एकवाक्यता आहे.

अर्थव्यवस्थेवरील परिणाम

मुंबई : स्थलांतरित श्रमामुळे मुंबईला मोठ्या संख्येने आणि तुलनेने स्वस्त कामगार मिळाले. गिरणी उद्योगातील रोजगार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुमारे अडीच लाखांपर्यंत पोहोचला. गिरण्यांच्या जोडीने रंगशाळा, यंत्रदुरुस्तीचे कारखाने, गोदी, रेल्वे कर्मशाळा, बाजारपेठा आणि लहानमोठी दुकाने वाढली. परळ-लालबागमधील मसाला, सुकी मासळी, भांडी व कापड यांची दुकाने आणि लालबागच्या मिरची-मसाल्याच्या गिरण्या या वस्तीच्या गरजेतून उभ्या राहिल्या. मजुरीचा दर ठरवताना एकट्या पुरुषाचा शहरातील खर्च गृहीत धरला जात असे. कुटुंबाचा उरलेला भार गावच्या शेतीवर पडे.

मूळ गावे : १८८० मध्ये टपाल खात्याने मनिऑर्डरची सेवा सुरू केल्यानंतर मुंबईचा पैसा नियमितपणे खेड्यात पोहोचू लागला. या अर्थकारणाला पुढे 'मनिऑर्डरची अर्थव्यवस्था' असे नाव पडले. या पैशातून खोताचे देणे व कर्ज फिटे, लग्ने होत, घरावर कौले चढत. मुंबईतील ग्रामस्थ मंडळांनी शाळा, मंदिरे, विहिरी व पाखाड्या बांधण्यास मदत केली. मात्र हा पैसा प्रामुख्याने उपभोगासाठी व देणी भागवण्यासाठी खर्च झाला. शेतीत किंवा स्थानिक उद्योगांत त्याची गुंतवणूक फारशी झाली नाही. कष्टाची शेती स्त्रिया व वृद्धांवर पडली आणि काळाच्या ओघात बरीच जमीन पडीक राहू लागली.

या प्रक्रियेचा ठसा आजच्या जनगणनेतही दिसतो. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यात १,०३६ स्त्रिया होत्या, तर मुंबई शहर जिल्ह्यात हे प्रमाण ८३२ होते. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. मनुष्यबळाच्या या टंचाईमुळे रत्नागिरी परिसरातील आंबाबागांत व मासेमारी नौकांवर नेपाळमधून आलेले कामगार मोठ्या संख्येने दिसतात. शतकभर माणसे बाहेर पाठवणारा प्रदेश स्वतःच बाहेरून आलेल्या श्रमावर अवलंबून राहू लागला आहे.

समाज आणि संस्कृतीवरील परिणाम

मुंबईत नोकरी करून गणपती व शिमग्याला गावी जाणाऱ्या कोकणी माणसाला 'चाकरमानी' हा शब्द रूढ झाला. घाटमाथ्यावरून आलेल्यांना 'घाटी' म्हटले जाई व त्यात बहुधा तुच्छतेची छटा असे. गावाकडे मात्र चाकरमान्याला मान होता. त्याच्या येण्याच्या वेळा सण, लग्ने व जमिनीचे निवाडे यांचे वेळापत्रक ठरवत.

मागे राहिलेल्या स्त्रीच्या आयुष्यावर या स्थलांतराचा सर्वांत खोल परिणाम झाला. शेती, गुरे, सासू-सासरे आणि मुले यांची जबाबदारी तिच्यावर असे. निर्णयाचा अधिकार व रोख पैसा मात्र दूर असलेल्या पतीकडे किंवा घरातील वडीलधाऱ्यांकडे राही. हेमलता दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील एका गावाचा दीर्घकाळ अभ्यास करून १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, पुरुष मुंबईला आणि स्त्रिया घरी या विभागणीचे तपशीलवार विवेचन आहे. अण्णा भाऊ साठे यांच्या 'माझी मैना' या छक्कडीत गावी राहिलेल्या पत्नीचा विरह आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी एकत्र गुंफलेली आहे.

चाळीच्या चौकात व गल्लीत कोकणातील नमन, जाखडी व दशावतार, देशावरील तमाशा व पोवाडा आणि दोहोंकडील भजन एकत्र नांदू लागले. गावागावांची भजनी मंडळे, व्यायामशाळा व कबड्डीचे संघ स्थापन झाले. लालबागच्या गणेश गल्लीतील सार्वजनिक गणेशोत्सव १९२८ मध्ये आणि 'लालबागचा राजा' म्हणून प्रसिद्ध असलेला उत्सव १९३४ मध्ये सुरू झाला. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये चालवली. परळचे दामोदर नाट्यगृह याच संस्थेच्या वास्तूत कामगार रंगभूमीचे केंद्र बनले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ मध्ये स्थापन झाले. गिरणी कामगाराच्या घरी वाढलेले कवी नारायण सुर्वे यांचा 'माझे विद्यापीठ' हा संग्रह १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकात संपानंतरच्या गिरणगावातील कुटुंबाची परवड चित्रित झाली आहे.

गिरगाव आणि दादर

गिरणगावाच्या दक्षिणेस गिरगाव व उत्तरेस दादर येथे झालेले स्थलांतर वेगळ्या वर्गाचे होते. कोकण, गोवा व कारवार येथून आलेले शिकलेले तरुण सरकारी कचेऱ्या, बँका, न्यायालये व व्यापारी पेढ्यांत कारकून म्हणून लागले. हे लोक कुटुंबासह स्थायिक होण्याची शक्यता अधिक होती आणि त्यांनी लवकरच स्वतःच्या आर्थिक संस्था उभारल्या. कारवारकडील चित्रापूर सारस्वत समाजाने गावदेवी येथे १९०६ मध्ये शामराव विठ्ठल सहकारी बँक व १९१५ मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन केली. ही देशातील आद्य सहकारी गृहनिर्माण संस्थांपैकी एक होय. सारस्वत बँकेची स्थापना १९१८ मध्ये झाली. सुधार न्यासाच्या दादर-माटुंगा योजनेमुळे मध्यमवर्गीय मराठी, पारशी व दाक्षिणात्य कुटुंबांची नियोजित वस्ती तेथे वाढली. नियमित पगार व पत असलेल्या स्थलांतरिताला शहरात घर घेता आले. बदली कामगाराला ते शक्य झाले नाही, हा फरक दोन्ही वस्त्यांच्या रचनेत स्पष्ट दिसतो.

कामगार चळवळ आणि गाव

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबई गिरणी कामगार संघाची स्थापना केली. त्यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना झालेल्या शिक्षेच्या निषेधार्थ कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. १९२८ च्या सार्वत्रिक संपातून गिरणी कामगार युनियन (लाल बावटा) पुढे आली. हा संप सुमारे सहा महिने चालला.

इतके दीर्घ संप टिकण्यामागे गावाचा आधार हे महत्त्वाचे कारण होते. संप सुरू झाला की हजारो कामगार आगबोटीने व रेल्वेने गावी परतत. त्यामुळे शहरातील खर्च वाचे आणि मालकांना त्यांच्यावर दबाव आणणे कठीण जाई. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपातही, ज्यात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी होते, खेड्यांतून धान्य गोळा करून मुंबईत वाटण्यात आले. परंतु या वेळी गाव अपुरे पडले. मालकांनी उत्पादन भिवंडी, मालेगाव व इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे वळवले, शेतीचे तुकडे आणखी लहान झाले होते आणि बहुसंख्य कामगारांची मुले मुंबईतच शिकत होती. संप औपचारिकपणे कधीही मागे घेण्यात आला नाही. एक लाखाहून अधिक कामगारांनी रोजगार गमावला.

राजकारण : स्थानिक आणि परप्रांतीय

स्थलांतरितांच्या शहरावर हक्क कोणाचा, हा प्रश्न राज्य पुनर्रचनेच्या काळात तीव्र झाला. १९५० च्या दशकात मुंबईतील मराठी भाषकांचे प्रमाण निम्म्याहून कमी होते आणि भांडवल प्रामुख्याने गुजराती, पारशी व मारवाडी उद्योजकांचे होते. मुंबई महाराष्ट्राला देऊ नये, या युक्तिवादाचा तो एक आधार होता. संयुक्त महाराष्ट्र चळवळीने त्यास शहर उभारणाऱ्या श्रमाचा दाखला देऊन उत्तर दिले. चळवळीत गिरणगाव आघाडीवर होते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटन येथे झालेल्या गोळीबाराच्या स्मृतिस्थळाला आज हुतात्मा चौक म्हणतात. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

१९ जून १९६६ रोजी स्थापन झालेल्या शिवसेनेने नोकऱ्यांत भूमिपुत्रांना प्राधान्य मिळावे, अशी मागणी केली. तिचा रोख प्रथम कार्यालयीन नोकऱ्यांतील दाक्षिणात्यांवर होता. पक्षाचा पाया लालबाग, परळ, दादर व गिरगाव येथील तरुणांत होता आणि त्यांतील अनेकजण कोकण व घाटावरून आलेल्या कामगारांची मुले होती. १९७० मध्ये परळच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक विजयी झाले व पक्षाला पहिला आमदार मिळाला. २००८ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या आंदोलनाचा रोख उत्तर भारतीयांवर होता. समर्थकांच्या मते या भूमिकेने मराठी तरुणांच्या रोजगाराचा व भाषेचा प्रश्न ऐरणीवर आणला. टीकाकारांच्या मते तिने गिरण्या बंद पडल्याने आलेल्या बेकारीचा दोष तितक्याच गरीब स्थलांतरितांवर टाकला आणि हिंसेला वाव दिला.

संपानंतरचे गिरणगाव

१९८२ च्या संपानंतर केंद्र सरकारने अनेक गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. तरी बहुतेक गिरण्या पुढील दोन दशकांत बंद झाल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीच्या विक्रीस व विकासास मार्ग मोकळा केला. २००१ मध्ये नियमात झालेल्या बदलामुळे सार्वजनिक जागा व परवडणाऱ्या घरांसाठी सोडावयाची जमीन घटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. लोअर परळ व वरळी येथे मॉल, कार्यालये व उंच निवासी मनोरे उभे राहिले. गिरणी कामगारांना घरे देण्यासाठी म्हाडाची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. अर्जदारांच्या तुलनेत घरांची संख्या फारच कमी होती.

याच काळात स्थलांतराची दिशा उलटली. जुनी कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरार, नालासोपारा येथे गेली. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मधील ३३,३८,०३१ वरून २०११ मध्ये ३०,८५,४११ वर आली. कामगार चालत कामाला जात असत, त्या भागात आता लाखो कर्मचारी उपनगरांतून लोकलने येऊ लागले. स्थानके मात्र जुन्याच क्षमतेची होती. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. २०२० मधील टाळेबंदीत अनेक चाकरमानी कोकणात परतले आणि त्यांना गावच्या शाळांत विलगीकरणात ठेवण्यात आले. शहरात घर झाले, तरी संकटकाळी गाव हाच आधार ही धारणा प्लेगनंतर सव्वाशे वर्षांनीही टिकून असल्याचे यातून दिसले.

अभ्यास आणि मतभेद

ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांचा मुंबईतील कामगार व घरे यांवरील ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९२९ मध्ये नेमलेल्या व १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही श्रम आयोगाने, कामगाराचा गावाशी असलेला संबंध ही जमेची बाजू असून तो तोडण्याऐवजी नियमित करावा, असे मत मांडले. गावाशी असलेल्या या संबंधामुळेच कामगार अस्थिर व बेशिस्त राहतो, असा मालकांचा दावा होता. मॉरिस डी. मॉरिस यांनी १९६५ मध्ये या दाव्याची तपासणी करून उद्योगाला कामगारांची टंचाई कधी भासली नाही व बेशिस्तीचे मूळ मालकांच्या व्यवस्थापनात होते, असे दाखवले. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या ग्रंथात पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या मते गावाशी नाते राखणे हा जुन्या सवयीचा अवशेष नव्हता. अनिश्चित रोजगार व तुटपुंजी मजुरी यांपासून बचाव करण्यासाठी कामगाराने विचारपूर्वक केलेली ती तजवीज होती आणि संपात त्याच तजविजीने त्याला बळ दिले. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी गिरणगावातील रहिवाशांच्या मुलाखतींवर आधारलेला मौखिक इतिहास २००४ मध्ये प्रसिद्ध केला.

हेही पाहा

गिरणगाव
१९८२ चा गिरणी संप
बीडीडी चाळी
खोती पद्धत
संयुक्त महाराष्ट्र चळवळ
मुंबईचे डबेवाले